गर्लफ्रेंड कॉलेजची स्टार धावपटू, माझे 3 विषय राहिलेत. आत्ता सांगू की तिच्या ट्रायल्स झाल्यावर?

प्रश्न बराच मोठा लिहिलायस, म्हणून आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू सेकंड इयरला, 3 विषय राहिलेत, त्यातले 2 फर्स्ट इयरचेच. ती 400 मीटर धावते, अख्खं कॉलेज तिला ओळखतं, तुम्ही 8 महिने एकत्र आहात. तू आठवड्यातले 6 दिवस संध्याकाळी अडीच तास ग्राउंडवर बसतोस, तिचे व्हिडिओ काढतोस, स्टॉपवॉच धरतोस, नोट्स मांडीवर उघड्या असतात. तिला वाटतं तू पास झालायस, कारण तूच तसं सांगितलंयस. 5 आठवड्यांनी तिच्या ट्रायल्स आणि त्याच आठवड्यात तुझे पेपर. मित्र म्हणतात ब्रेकअप कर आणि अभ्यासाला लाग, तुझं म्हणणं की ट्रायल्स होईपर्यंत गप्प बसावं, उगाच तिचा फोकस जायला नको. आणि अगदी शेवटी जाता जाता टाकलंयस की शाळेत तू पण धावायचास, नंतर सुटलं.

मी कॉलेजातल्या मुलामुलींचं समुपदेशन करते, बरीच वर्षं झाली, त्यात खेळाडू पुष्कळ येतात आणि खेळाडूंच्या प्रेमात पडलेलेही पुष्कळ येतात. उत्तर आधीच देऊन टाकते. याच आठवड्यात सांग. ब्रेकअपची गरज दिसत नाही. आणि ग्राउंडवर जाणं आठवड्यातून एका दिवसावर आण. हे तिसरं तुला सगळ्यात जड जाणार आहे, ते का यावरही पुढे बोलते.

आधी मित्रांचं घेऊ कारण ते लवकर संपतं. तुम्ही 8 महिने एकत्र आहात आणि 2 विषय तर ती भेटायच्या आधीच राहिले होते. मग ती कारण कशी? तिसऱ्या विषयात ग्राउंडवरच्या संध्याकाळींचा हात असेल, तेवढं मान्य. पण ब्रेकअप झाला तर तू त्या अडीच तासांत अभ्यास करशील असं मित्रांना वाटतंय, मी जे बघत आलेय त्यात ब्रेकअपनंतरचे पहिले काही आठवडे मुलं पुस्तक उघडून भिंतीकडे बघत बसतात. तुझ्याकडे आहेतच 5 आठवडे.

आता लपवण्याचं. तू म्हणतोस तिच्यासाठी गप्प आहे. थोडं तिच्यासाठी असेलही, पण जास्त हे आहे की सांगितलं तर तिच्या नजरेतून उतरू, आणि या भीतीला "तिचा फोकस" हे नाव दिलं की ती जरा शहाणपणाची वाटायला लागते. तुला ओरडत नाहीये मी, माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच करतात. फक्त हे बघ की कॉलेजात रिझल्ट लपत नाही. वर्गातला कुणीतरी एक दिवस तिच्यासमोर सहज बोलून जाणार, "काय मग, याची तयारी कुठपर्यंत आली?", आणि तो दिवस ट्रायल्सच्या आदला नसेल याची गॅरंटी कोण देणार. तेव्हा तिला तुझ्या नापास होण्याचं फारसं काही वाटणार नाही, रोज शेजारी बसून इतके दिवस खोटं बोलत होता याचं वाटेल. खरंच तिचा फोकस जपायचा असेल तर ही बातमी तिला तुझ्याकडून आणि वेळेत मिळायला हवी.

वेळेत म्हणजे कधी, तर हे तिच्या ट्रेनिंगवरून ठरव. मोठ्या स्पर्धेआधी साधारण 2 आठवडे ट्रेनिंगचं प्रमाण बरंच खाली आणतात, 40 ते 60 टक्क्यांपर्यंत, पण वेग आणि जोर तोच ठेवतात, याला टेपर म्हणतात. ऐकायला आरामाचे दिवस वाटतात ना? प्रत्यक्षात बरेच खेळाडू याच दिवसांत सगळ्यात चिडचिडे होतात, अंगात एनर्जी असते आणि खर्च करायला जागा नसते, मग पाय जड वाटतायत, पोटरी दुखतेय, मी स्लो झालेय असलं काहीबाही डोक्यात येतं. त्या 2 आठवड्यांत तिच्यावर काहीही नवीन टाकायचं नाही, आणि ती तुझ्यावर विनाकारण खेकसली तर ते नात्याबद्दल आहे असं समजून रात्री मोठे मेसेज पाठवायचे नाहीत. म्हणजे तुझ्या हातात आजपासून साधारण 3 आठवडे आहेत, आणि तिला पचवायला वेळ मिळावा म्हणून पहिलाच आठवडा वापर.

दिवस तिच्या सुट्टीचा निवड. हार्ड सेशनच्या संध्याकाळी तर अजिबात नको. 400 वाल्यांचे 300 मीटरचे जोरदार रिपीट्स, म्हणजे तेच अंतर थोड्या विश्रांतीने पुन्हा पुन्हा पळणं, असतात त्या दिवशी काय होतं हे तू स्वतः बघितलंयस, माणूस कडेला वाकून उभा असतो, मळमळतं, नंतर तासभर नीट बोलवतही नाही. तेव्हा सांगितलंस तर ती "बरं" म्हणेल आणि तुला वाटेल तिला फरकच पडत नाही. फोनवरही नको, समोर बसून सांग.

काय बोलायचं ते पण सांगते, कारण मुलं इथेच घोळ घालतात, सुरुवात भूमिकेने करतात आणि अर्धा तास मुद्द्यावर येतच नाहीत. तोवर समोरचीला वाटायला लागतं की हा आता ब्रेकअप करतोय. सरळ बोल: "माझे 3 विषय राहिलेत. पास झालो म्हणालो ते खोटं होतं, लाज वाटली म्हणून बोललो नाही. पेपर तुझ्या ट्रायल्सच्याच आठवड्यात आहेत. म्हणून मी आता आठवड्यातून एकदा ग्राउंडवर येणार, बाकीच्या दिवशी लायब्ररीत बसणार. तू यात काही करायचं नाहीयेस, फक्त तुला माहीत असावं." बस एवढंच. ते शेवटचं वाक्य गाळू नकोस. खेळाडू मुलींना प्रॉब्लेम दिसला की प्लॅन बनवायची सवय असते, ती लगेच तुझं टाइमटेबल करायला घेईल, सकाळी उठवायला फोन करेल, आणि मग ती तुझी गर्लफ्रेंड न राहता कोच होईल. तिला कोच आहे, तिला माहितीय कोचवर किती राग येतो ते. आणि "तुझ्यासोबत बसायचो म्हणून झालं" हे चुकूनही, गंमतीतही, प्रेमाने सुद्धा म्हणायचं नाही. ते बरंचसं खोटं आहे, वर हिशोब केला ना आपण.

ती चिडली तर चिडू दे. दोन दिवस बोलली नाही तरी चालेल. लगेच माफी मागणाऱ्या मेसेजेसचा पाऊस पाडू नकोस, एकदा मनापासून सॉरी म्हण आणि लायब्ररीत जाऊन बस. बोललास तसं वागतोयस हे दिसलं तर बहुतेक वेळा राग जातो.

आता ग्राउंड. तुझा दावा आहे की तिथे बसून अभ्यास होतोच थोडाफार. नाही होत. मांडीवर नोट्स ठेवून, दर दोन मिनिटांनी स्टॉपवॉच दाबत जे चालतं ते डोळे फिरवणं झालं. नुसतं परत परत वाचणं तसंही फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं, असं तीनदा. 5 मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना 40. तू ग्राउंडवर त्या पहिल्या गटात बसतोस, संध्याकाळी वाटतं सगळं येतंय आणि पेपरात कोरं.

साधा गुणाकार कर. 6 दिवसांतला एक दिवस ठेवला तरी आठवड्याचे साडेबारा तास सुटतात, 5 आठवड्यांचे 60 च्या वर. म्हणजे एका विषयाला 20 तास, तेही तुझं बाकीचं काहीही न हलवता. पास होण्यासाठी हे कमी नाहीये, जर ते तास खरे असतील तर. फोन दुसऱ्या खोलीत किंवा बॅगेत खाली. आधी जुने पेपर काढ, पुस्तक नंतर, कोणते धडे फिरून फिरून येतात ते बघ, एक भाग वाच, पुस्तक बंद कर, कोऱ्या कागदावर लिही, मग उघडून तपास काय सुटलं. वैताग येईल, हळू वाटेल, वाचण्यापेक्षा कितीतरी जड जाईल, जाऊ दे. आणि फर्स्ट इयरच्या त्या 2 विषयांच्या शिक्षकांना जाऊन भेट एकदा, नुसतं "समजत नाही" म्हणून जाऊ नकोस, स्वतः सोडवून अडकलेला कागद घेऊन जा. अडकलेला कागद घेऊन आलेल्या मुलाला सहसा कुणी हाकलत नाही.

झोपेचं वेगळं लिहिते कारण तुझ्या प्रश्नात एका ओळीत आलंय की रात्री 1 पर्यंत कॉल असतो, आणि तुला त्यात काही वाटलेलं दिसत नाही. कोच लोक म्हणतात ना, प्रेमात पडली की टायमिंग गेलं, त्यातला बराचसा भाग या कॉलचा असतो, प्रेम बिचारं फुकट बदनाम होतं. चेरी माह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंवर काम केलं होतं, 5 ते 7 आठवडे त्यांना रोज 10 तास अंथरुणात काढायला सांगितलं, आणि त्यांचा स्प्रिंटचा वेळ सुधारला, फ्री थ्रोची अचूकता 9 टक्क्यांनी वाढली. खेळाडू थोडे होते आणि खेळ वेगळा, त्यामुळे तिचं टायमिंग अमुक इतकं कमी होईल असं मी म्हणणार नाही. पण पहाटे ट्रेनिंगला उठणाऱ्या मुलीला 1 पर्यंत जागवणं म्हणजे तिच्या ट्रेनिंगमधून चोरी आहे. आणि तुझ्याही, कारण दिवसा वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. तुझ्या वयाला 7 ते 9 तास. कॉल 10 ला संपव. तू पुढाकार घेतलास तर तिला सुटल्यासारखं वाटेल बघ, ती बहुतेक तुला वाईट वाटेल म्हणून जागत असणार.

आता ते शेवटचं, शाळेत तू धावायचास ते. मला तुझ्या अख्ख्या प्रश्नात हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि तू ते असं लिहिलंयस जसं काही त्याचा कशाशी संबंध नाही. मधेच कुठेतरी तू म्हणतोस की तिचं मेडल आलं की आनंद होतो पण पोटात काहीतरी आवळतं, आणि त्याची तुला लाज वाटते. लाज वाटून घेऊ नकोस, याला कारण आहे. अब्राहम टेसर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 80 च्या दशकात हे नीट मांडलं होतं, की जवळच्या माणसाचं यश आपल्याला दोन तऱ्हांनी लागतं. ज्या गोष्टीवर आपली स्वतःची किंमत अवलंबून नसते त्यात तो पुढे गेला की छाती फुगते, आणि ज्या गोष्टीत आपल्यालाही काहीतरी व्हायचं होतं त्यात पुढे गेला की टोचतं, आणि माणूस जितका जवळचा तितकं जास्त टोचतं. ती गाणारी असती, चित्रं काढणारी असती, तर तुला नुसता अभिमान वाटला असता. ती धावते. तू जे सोडलंस तेच ती करते, तुझ्या डोळ्यांसमोर, रोज.

आणि मला असं वाटतं, वाटतं म्हणतेय, तुला भेटलेली नाहीये मी, की तू रोज संध्याकाळी तिथे बसतोस त्यात ती जितकी आहे तितकंच ग्राउंडही आहे. शाळेत तू कुणीतरी होतास. कॉलेजात आलास, धावणं सुटलं, त्याच वर्षी 2 विषय गेले. हे दोन्ही एकाच वर्षात घडलंय याकडे तुझं लक्ष गेलंय का? ज्यांची स्वतःबद्दलची ओळख खेळावर उभी असते त्यांचा खेळ सुटला की काही काळ सगळंच विस्कळीत होतं, हे मी खूप मुलांमध्ये बघितलंय, दुखापतीने सुटलेल्यांमध्ये तर फारच, आणि गंमत म्हणजे घरचे आणि कॉलेजवाले त्याला आळस म्हणून मोकळे होतात. म्हणून ग्राउंड पूर्ण बंद कर असं मी म्हणत नाहीये. सकाळी अर्धा तास स्वतः पळ. तिच्यासोबत नको, टायमिंग नको, कुणाला सांगायचंही नको. निदान 5 आठवडे. तू प्रेक्षकात बसून जे शोधतोयस त्यातलं थोडं तुझ्या पायांत अजून असेल.

टोचण्यावरून अजून एक. तिने चांगली बातमी सांगितली की तू काय करतोस? तुझ्या लिहिण्यावरून वाटतं "मस्त, छान" म्हणून विषय बदलतोस. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासात असं दिसलं होतं की जोडीदार आपल्या आनंदाच्या बातमीला कसा प्रतिसाद देतो याचा नात्याशी फार जवळचा संबंध असतो, वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षाही जास्त. एक प्रश्न विचार फक्त. "शेवटच्या 100 ला काय वाटत होतं?" असं काहीतरी, आणि तुला तर धावण्यातलं कळतं, तुझा प्रश्न बाकीच्यांपेक्षा भारी असेल. टोचत असेल तरी विचार. टोचतंय हेही एखाद दिवस सांगता येईल तिला, पण ट्रायल्सनंतर, ते खरंच थांबू शकतं.

तिच्या बाजूचंही बघ जरा. तू तिला "स्टार" म्हणून 6 वेळा लिहिलंयस, तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते यातलं एकही नाही. पॅट्रिशिया आणि पीटर अॅडलर या समाजशास्त्रज्ञांनी 80 च्या दशकात एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसोबत बरीच वर्षं राहून हेच टिपलं होतं, की ही मुलं येतात तेव्हा विद्यार्थीही असतात, मित्रही असतात, आणि हळूहळू खेळाडू ही एकच भूमिका बाकी सगळ्यांना गिळून टाकते, कारण भेटणारा प्रत्येक माणूस त्यांच्याशी फक्त त्याबद्दलच बोलतो. माझ्यासमोर बसलेल्या स्टार मुलामुलींकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं काय असेल तर हे, की मी हरले तर माझ्यात उरलं काय. आणि तू, तिचा बॉयफ्रेंड, तिचा व्हिडिओग्राफर आणि टाइमकीपर होऊन बसलायस. आठवड्यातून एकदा असं भेटा की धावण्याचा विषय निघणार नाही. सुरुवातीला दोघांनाही बोलायला काही सुचणार नाही, तेवढं सहन करा. आणि तू नापास झालायस हे कळल्यावर तिला धक्का बसेल तसं कदाचित थोडं हायसंही वाटेल, की सगळं जमतंय असं दाखवावं लागत नाही असं एक माणूस तरी जवळ आहे. तिचेही काही विषय डळमळीत असतील तर मला नवल वाटणार नाही, पहाटे आणि संध्याकाळी ट्रेनिंग करून लेक्चरला जागं राहणं म्हणजे काय हे विचार तिला कधी.

ब्रेकअपचा विचार कधी करावा तेही सांगून ठेवते. सांगितल्यानंतर ती चारचौघांत तुझ्या मार्कांवरून टोमणे मारायला लागली, किंवा पेपरच्या आदल्या दिवशीही ग्राउंडवर आलंच पाहिजे असा हट्ट धरला, तर बोलावं लागेल. उलट बाजूही आहे. ती कुणाशी बोलते, कुणासोबत स्पर्धेला जाते हे तू तपासायला लागलास, तिच्या टीममधल्या मुलांवरून भांडायला लागलास, तर थांब आणि कुणाशी तरी बोल, कारण अभ्यासात हरलेला माणूस कधीकधी नात्यात पहारेकरी होतो. तसं काही तुझ्या लिहिण्यात दिसलं नाही, पण 5 आठवडे ताणाचे आहेत. आणि झोप लागत नाही, भूक गेलीय, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर टाइमटेबलने भागणार नाही, कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा, सरळ.

तुझा शेवटचा छोटा प्रश्न राहिला, की तिची फायनल तुझ्या पेपरच्या आदल्या दिवशी आहे, ती दुसऱ्या शहरात आहे, जाऊ का. नको जाऊस. जायला यायला अख्खा दिवस जाणार आणि तिची रेस एका मिनिटाच्या आत संपणार, हीट्स, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेऱ्या, झाल्या की ती वॉर्मअप एरियात कोचसोबत असणार, तुला भेटेल तेही पाच मिनिटं, ती पण अर्धं लक्ष घड्याळाकडे ठेवून. हे तिला आधीच सांग, त्याच पहिल्या बोलण्यात, म्हणजे आयत्या वेळी "तू येणार होतास ना" व्हायला नको. तिच्या टीममधल्या कुणाला तरी रेस लाईव्ह दाखवायला सांगून ठेव, तेवढा एक मिनिट बघ, रिझल्ट काहीही लागला तरी तिला एक मेसेज कर आणि फोन परत बॅगेत टाक. मोठं बोलणं तुझा पेपर झाल्यावर.